इंग्लंडमध्ये 17 वर्षांच्या मुलाला घर सोडावं लागलं, तर काउन्सिल मदत करतं का?

तुमच्या मैत्रिणीचा 17 वर्षांचा मुलगा सावत्र वडिलांशी बिनसल्याने तीन आठवडे मित्रांकडे झोपतोय, काउन्सिलकडे (तिथल्या स्थानिक प्रशासनाकडे) जावं का, असं तुम्ही विचारलंय. जरूर जा. फक्त हाउसिंगकडे, म्हणजे घरं देणाऱ्या विभागाकडे नाही, तर चिल्ड्रन्स सर्व्हिसेसकडे, म्हणजे मुलांची काळजी घेणाऱ्या विभागाकडे जा.

आमच्या ओळखीतल्या अशाच एका मुलासोबत मी गेले होते. बॅगेत दोन टीशर्ट आणि चार्जर, एवढाच त्याचा संसार. काउंटरवरून हॉस्टेलचा फॉर्म पुढे आला आणि दमलेलं पोर सही करायला निघालं. मी म्हटलं, थांब, आधी कलम 20चं विचारू.

खोली दोन्हीकडून मिळेल, पण 1989च्या चिल्ड्रन ॲक्टच्या कलम 20खाली मिळाली तर तो काउन्सिलच्या 'केअर'मधला मुलगा ठरतो. 18 पूर्ण व्हायच्या आत असे 13 आठवडे भरले, की पुढे केअर लीव्हरचे (केअरमधून बाहेर पडलेल्या तरुणाचे) हक्क लागू होतात. 25 वर्षांपर्यंत हवा असेल तर स्वतःचा पर्सनल ॲडव्हायझर (सल्ला देणारा माणूस), युनिव्हर्सिटीत गेला तर 2,000 पौंड, शिवाय घर मांडायला पैसे (2023पासून सरकारी मार्गदर्शनात 3,000 पौंड). नुसत्या हाउसिंगमधून गेलेल्याला यातलं काही मिळत नाही. काउन्सिलने अशा मुलांना हाउसिंगकडे ढकलून हात झटकायचे नाहीत, हे हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने) लंडनच्या सदर्क काउन्सिलविरुद्धच्या खटल्यात 2009मध्येच सांगितलंय.

खरी अडचण आपल्याच घरात येते. 'केअर' म्हटलं की आईला वाटतं, मूल कोर्टाने काढून घेतलं. कलम 20मध्ये कोर्ट नसतं, पालकांचे हक्क जात नाहीत, आणि 16 वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती पुरते. व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (ठरावीक सरकारी मदत घेता येणार नाही) ही अट असली तरी ही मदत त्यात मोडत नाही.

आधी घरीच काही जमतंय का, हे सोशल वर्कर बघतील. ते योग्यच आहे. जमत नसेल तर मात्र आईने तसं स्पष्ट लिहून द्यावं. त्या मुलाची आई आमच्या किचनमध्ये बसून ईमेल लिहीत होती. "तो घरी परत येऊ शकत नाही" एवढं एक वाक्य तिने चारदा लिहिलं आणि चारदा खोडलं. शेवटी पाठवलं, म्हणून त्याचं काम झालं.

आणि तुम्ही मायेपोटी "राहू दे की आमच्याकडे" म्हणाल, तर काउन्सिल त्याची सोय झाली असं धरेल. किती रात्री ठेवू शकता ते खरं खरं सांगा.

टाळाटाळ झाली तर मुलाला ॲडव्होकेट मागता येतो, म्हणजे वकील नव्हे, तर काउन्सिलपुढे त्याची बाजू मांडणारा माणूस. कोरम व्हॉइस ही संस्था यात फुकट मदत करते, फोन मुलानेच केला तर उत्तम.

तो 18चा नेमका कधी होतोय? 13 आठवड्यांहून कमी उरले असतील तर हे हक्क बरेच तोकडे होतात, म्हणून निदान वाढदिवसाचा महिना तरी आजच कळवा.