एपिड्युरल, गॅस की इंजेक्शन?

अगं, बाळंतपणात कळांचं दुखणं कमी करायला यातलं काय घ्यावं असं विचारलंस ना? "मणक्यात सुई घेतलीस तर जन्मभर कंबर धरून बसशील" हे तुझ्या सासूबाईंचं वाक्य वाचून हसूच आलं, मलाही पहिल्या वेळी अगदी हेच ऐकवलं होतं आणि मी घाबरून नको म्हणाले. मग ट्रामाडॉल या वेदनाशामक औषधाचं इंजेक्शन मिळालं. कळा तशाच, फक्त दोन कळांच्या मधे डुलकी लागायची आणि मळमळ एवढी की सिस्टर ट्रे घेऊनच उभ्या.

दुसऱ्या वेळी एपिड्युरल घेतलं, म्हणजे तीच मणक्यातली सुई, तिच्यातून बारीक नळी बसवून दुखणं थांबवायचं औषध सोडतात. पाठीची कमान करून बसायचं आणि कळ आली तरी हलायचं नाही, ती पाच-दहा मिनिटं खरंच अवघड गेली. पण नळी बसली, औषध गेलं आणि वीसेक मिनिटांत कळ म्हणजे नुसता दाब. पाय जड होतात, बीपी उतरू शकतं म्हणून सारखं मोजतात, लघवीला नळी घालावी लागते. जोर कधी लावायचा ते सिस्टर पोटावर हात ठेवून सांगत होत्या. शेवटचा टप्पा लांबतो थोडा, पण त्याने सिझर होतं हे खोटं. आणि कंबर? ती न घेतलेल्यांचीही तेवढीच दुखते गं, बाळाला पोक काढून पाजताना दुसरं काय होणार. त्यापेक्षा डोकेदुखी लक्षात ठेव, साधारण शंभरात एकीला होते, उठून बसलं की ठणकतं आणि आडवं झालं की कमी, तसं झालं तर लगेच सांगायचं.

गॅस माझ्या बहिणीने घेतला, ती इंग्लंडला असते, तिकडे सर्रास देतात. अर्धा नायट्रस ऑक्साइड, अर्धा ऑक्सिजन. कळ चढायला लागली की लगेच ओढायचा कारण असर यायला अर्धा मिनिट जातो, उशीर केला तर कळ ओसरल्यावर नुसतंच गरगरतं. दुखणं पूर्ण जात नाही, पण सोडला की पटकन उतरतो.

तू आधी हॉस्पिटलला एवढं विचार, रात्री दोन वाजता एपिड्युरल देणारे भूलतज्ज्ञ तिथेच असतात की घरून बोलावतात? आणि प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालू असेल तर डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेव, तेव्हा एपिड्युरल बऱ्याचदा देत नाहीत.

हो, आणि नवऱ्याला माकडहाडाच्या वर तळहाताने दाबून धरायला शिकव, माझ्या आईने पहिल्या वेळी तेच केलं, त्या इंजेक्शनपेक्षा बरं वाटलं होतं.