पेन्शन आणि संत्र्याची बाग असताना पोर्तुगालला कायमचे राहायला जावे का?

आपण विचारले आहे की, वरूड तालुक्यात आठ एकर संत्रा आणि हाती पेन्शन असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या नवरा-बायकोने पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे अल्गार्व्ह भागात, स्थायिक व्हावे का. तिथे ऊन भरपूर आणि खर्च पश्चिम युरोपच्या मानाने कमी, असे आपल्या वाचनात आले आहे. मी मोर्शीकडचाच. घरी बाग आहे, नोकरीत परदेशी पैशांचे कागद हाताळले आणि हा बेत स्वतःसाठीही तपासून पाहिला. जायला हरकत नाही असेच माझे मत आहे. हिशेबाची सुरुवात मात्र सातबाऱ्यापासून करावी.

नोकरी न करता राहणाऱ्यांसाठी तिथे डी-७ नावाचा व्हिसा आहे. पेन्शन, भाडे, व्याज असे नियमित उत्पन्न तिथल्या किमान वेतनाइतके असावे लागते. २०२५ साली ते महिन्याला ८७० युरो होते, पत्नीसाठी त्याच्या निम्मे अधिक. म्हणजे दोघांचे मिळून १,३०५ युरो, आपल्याकडचे सव्वा लाखाच्या आसपास. आपली पेन्शन तेवढी असेल तर प्रश्न नाही. बागेच्या भरवशावर मात्र जाऊ नये, कारण आपल्याकडे मक्त्याचा (ठरावीक रकमेवर शेत दुसऱ्याला कसायला देण्याचा) व्यवहार, कसणारा कूळ म्हणून हक्क सांगेल या धास्तीने, बहुधा तोंडीच होतो, आणि आंबिया बहार (हिवाळ्याच्या अखेरीस फुलणारे संत्र्याचे पीक) व्यापाऱ्याला उक्ता दिला तर पैसा वर्षातून एकदाच येतो, तोही फळगळ झाली की घासाघीस करून कमी केला जातो. कागद तपासणाऱ्याला दरमहा खात्यात जमा होणारी रक्कम दिसावी लागते. झाडावर लटकलेले लाखो रुपये त्याला दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कायमचे परदेशी राहू लागल्यावर वडिलोपार्जित किंवा आधी घेतलेली शेती आपल्याच नावावर राहते, परंतु अनिवासी भारतीयाला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही आणि असलेली विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्यालाच विकावी लागते. आज आठ एकर फुंकून टाकले आणि पाच वर्षांनी परत यावेसे वाटले, तर तिथे बसून धुऱ्याशेजारचे दोन एकरही घेता येणार नाहीत. त्यामुळे विकण्याची घाई करू नये. शिवाय पोर्तुगालमध्ये राहण्याच्या पहिल्या परवान्याच्या मुदतीत सलग सहा किंवा एकूण आठ महिन्यांपेक्षा जास्त पोर्तुगालबाहेर राहिले तर तो अडचणीत येतो. म्हणजे दर बहाराला ताण तोडायला (फुलोऱ्यासाठी थांबवलेले पाणी पुन्हा सुरू करायला) आणि तोडणीला गावी येऊन बसणे जमणार नाही. बाग कोण पाहील, हे आधी ठरवावे.

कराबाबत थोडक्यात सांगतो. वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त तिथे राहिल्यास जगभरचे उत्पन्न तिथल्या विवरणपत्रात येते, आणि शेतीचे उत्पन्न आपल्याकडे करमुक्त असल्याने तिथेही सुटेल असे गृहीत धरू नये. परदेशी पेन्शनवर सवलत देणारी जी जुनी योजना लेखांमध्ये अजून वाचायला मिळते, ती निवृत्तांसाठी २०२४ पासून बंद झाली आहे.

राहता राहिले ऊन. मे महिन्यात ४५ अंशांत कूलरसमोर बसणाऱ्याला तिथला उन्हाळा सुखाचा वाटेल, यात शंका नाही. पण बऱ्याच जुन्या घरांत हिवाळ्यात घर तापवण्याची सोय नसते. पाऊसही थंडीतच पडतो, भिंतींना ओल धरते आणि बाहेरच्यापेक्षा घरातच जास्त गारठा वाटतो. पाण्याचे रडगाणे तर आपल्यासारखेच: अल्गार्व्हमधले सिल्व्हेस गाव संत्र्यांसाठी प्रसिद्ध, आणि २०२४ च्या दुष्काळात तिथल्या शेतीच्या पाण्यात २५ टक्के कपात जाहीर झाली होती. (ड्राय झोनमध्ये, म्हणजे भूजल खोल गेलेल्या आपल्या भागात, बोअर घेऊन थकलेल्या माणसाला हे वाचून जरा आपलेपणाच वाटला.)

म्हणून व्हिसाचा अर्ज करण्यापूर्वी जानेवारीत महिनाभर पर्यटक म्हणून भाड्याच्या घरात राहून पाहावे, समुद्रकिनाऱ्यापासून थोडे आतल्या गावाचे भाडे विचारावे, आणि त्याच महिन्यात बाग दुसऱ्याच्या हवाली करून तो ओलिताच्या पाळ्या कशा देतो, हेही पाहून घ्यावे.