हावडा पूल: नटबोल्ट, बाराचा ठोका आणि पानाच्या पिचकाऱ्या

प्रश्न: कोलकात्याच्या हावडा पुलात एकही नटबोल्ट नाही म्हणतात. मग एवढं लोखंड एकत्र राहिलंय कशावर? (सोलापूर)

उत्तर: रिव्हेटवर, म्हणजे तापवून ठोकून बसवलेल्या पोलादी खिळ्यांवर. सुमारे २६,५०० टन पोलाद, त्यातलं २३,००० टन टाटांचं, ‘टिस्क्रोम’ नावाचं जास्त ताण सोसणारं. ‘एकही नटबोल्ट नाही’ हे कायमच्या जोडांपुरतं म्हणायचं. असा पूल उभारताना भोकं जुळवायला निमुळत्या पिना आणि तात्पुरते बोल्ट लावावेच लागतात, रिव्हेट बसले की ते काढतात.

रिव्हेट भट्टीत लालबुंद करून भोकात घालायचा, एकीकडून डोकं दाबून धरायचं आणि दुसरीकडून हवेच्या हातोड्यानं ठोकून नवं डोकं घडवायचं. ठोकताना तापलेली दांडी फुगून भोक भरते, निवताना आखडून पत्रे आवळते. कमी तापलेला रिव्हेट ठोकला तर भोक पुरतं भरत नाही आणि वाहतुकीच्या हादऱ्यांनी तो पुढे सैल होतो. जुन्या रिव्हेटच्या पुलावर तपासणीची एक नेहमीची पद्धत अशी: डोक्याच्या एका कडेला बोट टेकवायचं आणि समोरच्या कडेला ११० ग्रॅमच्या हातोडीनं टिचकी मारायची. सैल असेल तर बोटाला झटका कळतो. डोक्याखालून गंजाचा तांबूस ओघळ आलेला दिसला की तिथून सुरुवात करावी.

प्रश्न: दुपारी बाराच्या ठोक्याला पूल बंद ठेवतात, नाहीतर तो कोसळेल, असा संदेश फिरतोय. खरं काय? (नाशिक)

उत्तर: थाप आहे. बारा वाजताही पुलावरून वाहतूक चालूच असते. या समजुतीचं मूळ बहुधा आधीच्या पुलात असावं. १८७४ साली ब्रॅडफर्ड लेस्ली यांनी बांधलेला तो पूल तराफ्यांवर तरंगायचा, आणि जहाजांना वाट द्यायला मधला २०० फुटांचा भाग बाजूला करायचे. तेवढा वेळ माणसं, बैलगाड्या खोळंबायच्या.

प्रश्न: पाया खणताना देऊळ पडलं, ही दंतकथा का? (पुणे)

उत्तर: दंतकथा वाटावी अशीच हकिकत आहे, पण घडलेली म्हणूनच नोंदली गेलीय. हुगळी नदीत खांब नकोत, प्रवाह अडून गाळ साचेल, म्हणून दोन्ही मुख्य पाये काठांवर घेतले आणि मधे १,५०० फुटांचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) मोकळा सोडला. प्रत्येक पाया म्हणजे सुमारे ५५ मीटर लांब, २५ मीटर रुंद अशी प्रचंड विहीर, आत २१ चौकोनी पोकळ्या. पोकळ्यांतून चिखल उपसत जायचा, म्हणजे विहीर स्वतःच्या वजनानं खाली बसते. धोका असा की खालची माती एकदम दगा देते. एका रात्री तसंच झालं: अख्खी विहीर दोन फूट धसली, कोलकात्यातल्याच खिदिरपूरच्या भूकंपमापकावर धक्का उमटला आणि काठावरचं देऊळ ढासळलं. ते नंतर पुन्हा बांधलं. हावड्याच्या बाजूला वाहती वाळू होती, तिथे दाबाची हवा भरून पाणी आणि वाळू रोखावी लागली.

प्रश्न: उद्घाटन चोरून झालं होतं का? (बेळगाव)

उत्तर: चोरून नाही, गाजावाजा न करता. जपानी विमानांच्या बॉम्बची धास्ती होती. ३ फेब्रुवारी १९४३ ला पूल खुला झाला, पहिली गेली ती एकटी ट्राम. ट्राम १९९३ मध्ये पुलावरून बंद झाली. पुलाचं ‘रवींद्र सेतू’ हे अधिकृत नाव १९६५ चं.

प्रश्न: पानाच्या थुंकीनं पूल खरंच झिजतो? (नागपूर)

उत्तर: पूल नाही, त्याचा नेमका एक भाग. रस्ता वरच्या सांगाड्याला ३९ जोड्या पोलादी टांगण्यांनी लोंबकळतो. टांगण्यांचे बुंधे पादचारी मार्गालगत येतात आणि पिचकारी मारायला तीच जागा सोयीची. बुंध्यांवरच्या संरक्षक टोप्यांचा पत्रा ६ मिलिमीटरचा होता, २०११ च्या तपासणीत तो ३ वर आलेला दिसला, तोही जेमतेम चार वर्षांत. थुंकीचा थर लवकर वाळत नाही, चुना-तंबाखूचे क्षार ओल धरून ठेवतात, रंग सुटतो आणि त्याखाली गंज पसरतो. बाहेरून फक्त लाल डाग दिसतो, हे जास्त वाईट. उपाय म्हणून बुंध्यांना फायबरग्लासची आवरणं बसवली, म्हणजे थुंकायची सवय गृहीत धरूनच दुरुस्ती झाली! मुंबई-हावडा मेलनं गेलात तर पायी पूल ओलांडा, आवरणं हाताच्या अंतरावर दिसतील. पलीकडे खाली उतरलं की मल्लिक घाटाचा फुलबाजार, तिथून पुलाची खालची बाजू स्वच्छ दिसते.