पुस्तकांची पेटी उघडी कर, बाई

«ताई, माझं माहेर यवतमाळचं, सासर दारव्हा तालुक्यातलं खेडं. लग्नात दोन लोखंडी पेट्या भरून पुस्तकं आणली. घर मातीच्या भिंतीचं, वर कवेलू. यंदा पेटी उघडली तर खाली चांदीसारखे किडे पळत होते, एका कोपऱ्यात उधईची माती. सासूबाई म्हणतात, ‘घरात तूर ठेवाले जागा नाही अन् हिच्या पेट्या पाह्य!’ शेजारच्या मुली पुस्तकं नेतात, परत देत नाहीत. एक आलं ते हळदीचा डाग घेऊन. जावेनं रहस्यकथेचं पुस्तक परत केलं तर शेवटची चार पानं गायब, फाडल्याचं नाव तिच्या लेकराचं. मी ब्लाउज शिवते, त्या पैशातून पुस्तकं घेते, पण लपवून. वाचलेलं बोलायला गावात कोणी नाही. हे वेड सोडून द्यावं का?
— पेटीवाली सून»

बाई, वेड राहू दे. पेटी मात्र आधी सोड.

तुझ्या सगळ्या तक्रारी मला त्या पेटीतूनच निघालेल्या दिसतात. बंद, अंधारी, कोणी हात न लावलेली जागा त्या चांदीसारख्या किड्यांना, म्हणजे कसरीला आवडते आणि उधईला, म्हणजे वाळवीलाही. कुलपात ठेवलेल्या वस्तूबद्दल घरच्या माणसांना आपुलकी वाटत नाही, आणि तू लपवून घेतेस म्हटल्यावर तर मुळीच नाही. पुस्तकं ओसरीवर येऊ देत, सगळ्यांना दिसतील अशी.

पण त्याआधी किड्यांचं बघू, कारण तिथे घाई करून चालत नाही. तुझ्याकडे दोन वेगळे किडे आहेत आणि दोघांचा उपाय वेगळा. चांदीसारखे पळणारे, शेपटीला तीन केस असलेले, ती कसर. तिला कागदापेक्षा बांधणीची खळ आणि पुठ्ठ्यावरचा चिकटपणा जास्त आवडतो. ती पान आरपार पोखरत नाही, वरवर खरवडते, म्हणून कागद जागोजाग पातळ आणि कडेला कुरतडलेला दिसतो. पानांतून सुईने टोचल्यासारखं गोल भोक सरळ आत गेलेलं दिसलं, तर ते तिचं काम नव्हे, भुंगेऱ्याच्या अळीचं. आणि माती दिसली की उधई. ती जमिनीतून येते, तिचं वारूळ बाहेर किंवा भिंतीच्या पायात असतं. लोखंडी पेटीत ती शिरली याचा अर्थ पेटीचा तळ गंजून कुठेतरी भोक पडलंय. पेटी उलटी करून उजेडाकडे धर, भोक दिसेल.

कोरडा दिवस बघून सकाळी आठ ते अकरा पुस्तकं ओसरीच्या सावलीत उभी मांड, पानं थोडी फाकवून. वैशाखाच्या थेट उन्हात टाकायचा मोह होतो, तो आवर. आपल्याकडे ४५ अंशांच्या उन्हात बांधणीचा डिंक कडक होऊन तडकतो, पुठ्ठे वाकडे होतात आणि कागद पिवळा पडतो. दोन इंची कोरा, मऊ रंगाचा ब्रश घे. पुस्तक घट्ट मिटून धर आणि वरच्या कडेची धूळ पाठीकडून बाहेर झटक, मग पुठ्ठा उघडून आतली खाच साफ कर. कसर दडते ती त्याच खाचेत. पोखरलेली पुस्तकं वेगळ्या पिशवीत ठेव, चांगल्यांत मिसळू नको.

त्या पिशवीसाठी एक खात्रीचा उपाय आहे, थोडा गमतीचा वाटेल. गावात आइस्क्रीम ठेवणारा दुकानदार असेल तर त्याच्या डीप फ्रीझरमध्ये कोपरा माग. पुस्तक जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाल, हवा दाबून काढ, तोंड चिकटपट्टीने बंद कर आणि दोन आठवडे ठेव. उणे १८ अंशांच्या आसपास अळी आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी एक पूर्ण दिवस उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर पाणी सुटतं. घरच्या लहान फ्रिजचा बर्फाचा कप्पा एवढा गार होत नसतो, त्यावर विसंबू नको.

उधईची मातीची नळी नुसती खरवडून भागत नाही, आठ दिवसांत ती पुन्हा चढते. तिची वाट तोडायची असते. पेट्या भिंतीला टेकलेल्या आणि जमिनीवर असतील, तर आधी तिथून हलव. दुकानदार वापरतात तसला लोखंडी अँगलचा रॅक घे, जुना मिळाला तरी चालेल. खालची फळी जमिनीपासून वीतभर वर, पाठ भिंतीपासून चार बोटं लांब. मग नळी चढताना डोळ्यांना दिसते, आणि दिसली की मोडता येते. रॅकचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेव, पण पाणी दर आठवड्याला बदल, नाहीतर डास होतील. आणि हे मी ठासून सांगते: कपाशीसाठी आणलेलं फवारणीचं औषध या कामाला वापरायचं नाही, थेंबभरही नाही. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ती तर उघड्या शेतात. घरात लेकरं झोपतात. भिंतीच्या पायात उधई फार असेल तर ते काम करणाऱ्या जाणत्या माणसाला बोलाव.

डांबरगोळ्याही नकोत. बंद खोलीत त्यांचा वास बाधतो आणि रांगतं लेकरू त्या तोंडात घालू शकतं. कडुलिंबाचा पाला चालतो, पण तो सावलीत चुरा होईपर्यंत वाळलेला हवा. ओला पाला घातला तर ओल आणि डाग दोन्ही पदरात पडतात. जुन्या सुती कापडाची पुरचुंडी कर, फळीच्या दोन टोकांना ठेव, तीन महिन्यांनी बदल. पाल्यानं कसर मरत नाही, फार तर दूर राहते. खरं काम पुस्तक हलवण्यानं होतं.

जागा निवडताना दोन गोष्टी बघ. एक, मृगाआधी कवेलू फेरतात तेव्हा कुठे गळतं ते घरात सगळ्यांना माहीत असतं, रॅक त्याखाली नको. पावसाळ्यात रॅकच्या फक्त माथ्यावर प्लास्टिक टाक, बाजू उघड्या ठेव. समोर जुन्या सुती लुगड्याचा पडदा पुरे, धूळ अडते आणि हवा खेळते. दुसरं, कूलर. हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. बाहेर हवा कोरडी ठणठणीत, आणि कूलरच्या झोतातली पुस्तकं ऐन मे महिन्यात बुरशी धरतात, पानांना लाटा येतात. कूलरच्या समोरची भिंत म्हणूनच टाळ.

फळीवर पुस्तकं गच्च कोंबू नको, दोन बोटं सरकतील एवढी सैल असू देत. काढताना पाठीच्या वरच्या टोकाला बोट लावून ओढलं की तिथेच फाटतं. शेजारची दोन पुस्तकं आत ढकल आणि हवं ते मधोमध धरून काढ. हे मुलींनाही पहिल्याच दिवशी शिकव.

आता मुलींचंच. त्यांना देणं बंद करू नको. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतलं पहिलंच असं आहे की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. फक्त रीत लाव. शंभर पानी वही, चार रकाने: पुस्तक, नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. वही रॅकला दोरीनं बांध, पेन्सिलही बांध, आणि नोंद नेणारीच्या हातानं होऊ दे. स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं माणूस विसरत नाही. परत करायची मुदत पंधरा दिवस म्हणून सांगितली तर कोणाच्या लक्षात राहणार नाही, ‘दुसऱ्या बाजाराच्या दिवशी’ म्हण. एका वेळी एकच पुस्तक, जुनं आलं की नवं. दंड ठेवू नको. दोन रुपये मागितलेस की मुलगी यायची थांबते आणि पुस्तक तिच्याकडेच राहतं. उशीर झाला तर दोन पुस्तकांना खाकी कव्हर घालून दे म्हणावं.

नाव पहिल्या पानावर तर लिहीच, शिवाय ग्रंथालयं करतात तसं एक गुप्त पान ठरव, समज २१. प्रत्येक पुस्तकाच्या त्याच पानावर खाली बारीक खूण. पहिलं पान फाटलं तरी पुस्तक कोणाचं ते कळतं. जी पुस्तकं पुन्हा मिळणार नाहीत, कोणी हातानं नाव घालून दिलेली आहेत, ती मात्र द्यायची नाहीत, ‘इथंच बसून वाच’ म्हणायचं. त्यांच्यासाठी एक पेटी राहू दे: तळाचं भोक बुजवून, रेड ऑक्साइड लावून, दोन विटांवर ठेवलेली, आणि दर पंधरवड्याला उघडायची.

हळदीच्या डागाला साबण, लिंबू काही लावू नको, कागद जाईल. हळदीचा रंग उजेडात विटतो. ते पान उघडून खिडकीजवळ काही तास ठेव, असं तीन-चार दिवस. डाग फिका होईल, तेवढी जागा किंचित पिवळी राहील. तेलाचा डाग असेल तर दोन्ही बाजूंनी टाल्कम पावडर, वर वजन, सकाळी ब्रशनं झटक. कोणी तांदळाचं पीठ सांगेल. ते म्हणजे कसरीला आवतण.

लपवून घेण्याबद्दल. पैसा तुझ्या शिलाईचा आहे, लाजण्यासारखं त्यात काहीच नाही. चोरून आणलेलं पुस्तक मात्र मोकळेपणी वाचताही येत नाही. घरच्या हिशोबात उघड एक ओळ कर, महिन्याला दोनशे म्हण, आणि ती पाळ. तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाची वर्गणी याहून पुष्कळ कमी असते, घरचं कोणी बाजाराला जातंच, त्यांच्या पिशवीतून पुस्तक बदलून आण. नागपूरला जाणं झालं तर सीताबर्डीत जुनी पुस्तकं मिळतात. तिथे किंमत विचारायच्या आधी पानांचे क्रमांक बघ. पुस्तक सहसा सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधतात, त्यामुळे गहाळ होतं ते पुष्कळदा एकदम सोळा पानं. १६, ३२, ४८ असे सांधे चाळले की कळतं. पुस्तक उलटं धरून झटक, वास घे. आणि घरी आणलेलं जुनं पुस्तक पंधरा दिवस वेगळ्या बंद पिशवीत ठेव, तोवर त्यातले पाहुणे कळतात. दूरच्या दुकानातून मागवायचं असेल तर २०२५च्या मे महिन्यापासून पोस्टाची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा आहे, पुस्तकांसाठीच, स्वस्त. ती जमिनीवरून येते, वेळ लागतो. पाठवणाऱ्याला तीच सांग.

सासूबाईंच्या तुरीला जागा हवी, ती खरी गरज आहे. दोनपैकी एक पेटी रिकामी करून त्यांना दे. तूर, डाळ, गहू, काय ठेवायचं ते ठेवतील. एवढ्यानं अर्धं भांडण मिटावं. उरलेलं अर्धं वाचून मिटव. दुपारी त्या डाळ निवडायला किंवा वाती वळायला बसल्या की जवळ बस आणि दहा मिनिटं मोठ्यानं वाच, फार नाही. विनोदी किंवा गावाकडची गोष्ट निवड, वर्णनाचे लांब परिच्छेद गाळ, संवाद वऱ्हाडी करून म्हण. आणि नेमकं पुढं काय होणार असं वाटेल तिथेच थांब, ‘चुलीवर दूध आहे’ म्हणून ऊठ. दोन-चार दिवसांनी त्या स्वतःच विचारतील, ‘मंग त्या बाईचं का झालं वं?’ मोठ्यानं वाचण्यात चूक होते ती एकच, लोक भरभर वाचतात. ऐकणाऱ्याचे हात कामात असतात, म्हणून निम्म्या वेगानं वाच.

बोलायला कोणी नाही म्हणतेस, पण ज्या मुली पुस्तकं परत देत नाहीत त्या वाचत असतील ना! त्यांच्यातल्या पाच जणी आणि तू मिळून भिशी करा. महिन्याला पन्नास रुपये, सहा जणी, तीनशे झाले. दर महिन्याला चिठ्ठी निघेल तिनं पुस्तक निवडायचं, सगळ्यांनी वाचायचं, शेवटी ते तिचं. दिवाळीत प्रत्येकीनं वेगळा दिवाळी अंक घ्यायचा आणि पंधरा-पंधरा दिवसांनी फिरवायचा. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकानं दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, आज निवडीला एवढे अंक आहेत की सहा जणींचे सहा वेगळे सहज होतात. संक्रांतीपर्यंत पुरतात.

जमलात की खेळा. पुस्तकांच्या नावांची अंत्याक्षरी लहानांनाही जमते. नावांची उतरंड त्याहून मजेची: पुस्तकं एकावर एक अशी रचायची की पाठीवरची नावं वरून खाली वाचली तर वाक्य किंवा कविता व्हावी. चार पुस्तकांपासून सुरुवात करा, सातच्या वर जमलं तर तिला बोरं. सकाळी कोणतंही पान उघडून बोट ठेवायचं, ती ओळ आजचं भविष्य, हा खेळ तर सासूबाईंनाही आवडेल. तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी नंदी घेऊन दारी आली की बोजारा म्हणून पैशांसोबत पातळ गोष्टीचं पुस्तक दे. दहा-पंधरा रुपयांची सोळा पानी पुस्तकं मिळतात, ती आधीच आणून ठेव. हातात पुस्तक आलं की ते लेकरू तुझ्या रॅकपाशी येतंच.

राहिली जाऊ. लेकरानं फाडली असं ती म्हणते, ते खरं धर. तालुक्याच्या ग्रंथालयात ते पुस्तक शोध, तेवढी चार पानं त्याच मापात झेरॉक्स कर, आतल्या कडेला जेमतेम दोन सूत पांढरा डिंक लाव, पान खाचेत बसव, दोन्हीकडे मेणकागद घाल आणि रात्रभर पाट्याखाली दाब. सेलोटेप लावू नको, वर्षा-दोन वर्षांत तो पिवळा पडून सुटतो आणि चिकटा कागदात उतरतो. पानं लागली की पुस्तक आधी तिलाच नेऊन दे. शेवट कळलेला नसेल तर तीही इतके दिवस खुनी कोण या विचारात असणार.