थेस्सलोनिकीत व्हाइट टॉवर शेवटी ठेवा
ग्रीसमधल्या या शहरात पहिल्यांदाच जाताय ना? मग सगळे करतात तशी व्हाइट टॉवरपासून सुरुवात करू नका. तो जुना बुरूज समुद्रकाठीच आहे, संध्याकाळी फिरताना आपसूक भेटतो. सकाळी आधी रोटुंडा गाठा. चौथ्या शतकाच्या सुरुवातीची ही गोल इमारत पुढे चर्च झाली, मग मशीद. मिनार अजून शेजारी उभा आहे. घुमटातलं सोनेरी मोझेक मान दुखेपर्यंत बघा. रोमन सम्राट गॅलेरियसची कमान तिथून जवळच. १९१७च्या आगीत जळून पुन्हा उभं राहिलेलं आयोस दिमित्रिओस चर्च बघाल, तेव्हा तळघरात उतराच. आनो पोली या वरच्या जुन्या वस्तीचा चढ दम काढतो. बसने वर जा, उतरताना चाला. हवा स्वच्छ असली तर आखातापलीकडे ऑलिंपस पर्वत दिसतो. आणि नाश्त्याला बुगात्सा, म्हणजे क्रीम किंवा चीज भरलेला पापुद्रेदार पदार्थ, तोही गरम असतानाच.