वेल्समधली ‘कमिशनर चर्चेस’: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात दक्षिण वेल्समधल्या कोळसा-लोखंडाच्या गावांवर लेख होता. त्यात एकोणिसाव्या शतकातल्या ‘सरकारी पैशाच्या अँग्लिकन चर्चेस’चा (म्हणजे इंग्लंडच्या सरकारमान्य चर्चपंथाच्या इमारतींचा) एका ओळीत उल्लेख आला होता. त्या एका ओळीवर बरीच पत्रे आली. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे खाली दिली आहेत.

सरकारी पैसा म्हणजे नेमका किती? त्यासाठी वेगळा कर बसवला होता का? (नाशिक)

वेगळा कर नव्हता. १८१८ च्या चर्च बांधणी कायद्याने संसदेने सरकारी हुंड्यांच्या रूपात १० लाख पौंड मंजूर केले आणि ते खर्च करायला एक आयोग नेमला. या आयोगामुळेच त्या इमारतींना ‘कमिशनर चर्चेस’ म्हणतात. १८२४ मध्ये आणखी ५ लाख मिळाले. ही रक्कम ऑस्ट्रियाने फेडलेल्या जुन्या युद्धकर्जातली होती. त्यानंतर चर्च बांधायला संसदेने पुन्हा अनुदान दिले नाही. आयोगाचे काम १८५६ पर्यंत चालले आणि इंग्लंड-वेल्स मिळून सहाशेहून थोडी जास्त चर्चेस झाली.

आता या आकड्यांची विभागणी बघा, कारण वेल्सचे चित्र त्यातच आहे. पहिल्या १० लाखांत फक्त ९७ चर्चेस झाली, म्हणजे सरासरी एकेकाला दहा हजार पौंड. दुसऱ्या ५ लाखांत पाचशेच्या वर, म्हणजे सरासरी हजाराच्याही आत. पहिल्या हप्त्याचा मोठा वाटा लंडन, लँकेशर, यॉर्कशर यांच्याकडे गेला. वेल्समधली बहुतेक कामे दुसऱ्या हप्त्यातली आहेत. फ्लिंटशरमधल्या बकलीचे सेंट मॅथ्यू (१८२१-२२) हे लवकरच्या मोजक्या कामांपैकी एक. न्यूपोर्टचे सेंट पॉल आणि ट्रेडेगरचे सेंट जॉर्ज ही दोन्ही १८३५-३६ ची. अशा ठिकाणी आयोगाची रक्कम म्हणजे खर्चाचा एक भाग. बाकीचे पैसे वर्गणी, जमीनदार, लोखंड कारखान्याचे मालक आणि १८१८ मध्येच स्थापन झालेली चर्च बांधणी सोसायटी यांच्याकडून जमवावे लागत. ही सोसायटी खाजगी देणग्यांवर चालणारी, आयोगापासून वेगळी होती. जुन्या कागदांत दोन्हींची नावे शेजारी दिसतात आणि नेहमी गल्लत होते.

एक मदत मात्र हिशेबात सहसा दिसत नाही. बांधकाम साहित्यावरचे शुल्क आयोगाच्या कामांना परत मिळू शकत असे. विटांवर १८५० पर्यंत आणि काचेवर १८४५ पर्यंत कर होता, आयात लाकडावर जकात होती. त्यामुळे ही सवलत लहान नव्हती.

एखाद्या गावाला असे चर्च हवे असेल तर काय करावे लागे? अडचणी कुठे येत? (कोल्हापूर)

आधी पात्रता. १८१८ च्या कायद्यात दोन कसोट्या होत्या. पॅरिशची (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागाची) वस्ती ४,००० च्या वर असावी आणि असलेल्या चर्चमध्ये तिच्या चौथाईपेक्षा जास्त लोकांना जागा नसावी. किंवा चर्चपासून चार मैलांहून दूर राहणारे लोक निदान १,००० असावेत. दुसरी कसोटी वेल्सच्या डोंगरी पॅरिशना अगदी लागू पडणारी होती. तिथली जुनी पॅरिश मैलोन् मैल पसरलेली, मूळ चर्च एखाद्या उंच धारेवर, आणि नवी भट्टी-वस्ती दुसऱ्या टोकाला खाली दरीत. ट्रेडेगर हे त्याचे चांगले उदाहरण. ते बेडवेल्टी पॅरिशमध्ये होते आणि त्या पॅरिशचे चर्च वर डोंगरावर.

त्यानंतर पाळकाचा अर्ज जाई. त्यात लोकसंख्या, असलेल्या बसण्याच्या जागा, त्यांतल्या फुकट किती, भाड्याच्या किती, जमलेली वर्गणी आणि जागेचे वर्णन. बिशपची संमती लागे. जागा निर्वेध हक्काने आयोगाच्या नावे करून द्यावी लागे, आणि पहिली रखडपट्टी इथे होई. दात्याची जमीन वंशपरंपरेच्या बंधनात असे किंवा ती सामाईक गायरान निघे. कोळसापट्ट्यात तर जमीनदार वरची माती देई आणि खालच्या खनिजाचा हक्क स्वतःकडे ठेवी. पुढे खाली खाणकाम झाले की भिंतींना तिरप्या भेगा पडत. मग नकाशे, मोजमापे आणि अंदाजपत्रक आयोगाच्या तपासणीला जात.

इमारत झाली तरी प्रश्न संपत नसे. पाळकाचा पगार या अनुदानातून मिळत नव्हता. तो बाकांच्या भाड्यातून काढायचा, अशी कायद्याचीच योजना होती. निदान एक पंचमांश जागा फुकट ठेवायच्या, उरलेल्या वार्षिक भाड्याने द्यायच्या. कापड गिरणीच्या इंग्रजी शहरात मध्यमवर्ग ते भाडे भरत असे. भट्टीवर राबणाऱ्यांच्या गावात भाडेकरू आणणार कुठून? लोखंडाचा भाव पडला, मजुरी कापली गेली, की पहिल्यांदा बाकभाडे थांबे.

दुसरी खोच जास्त कडू होती. नव्या चर्चचा विभाग वेगळा झाला तरी तिथल्या रहिवाशांना पुढची वीस वर्षे मूळ चर्चच्या दुरुस्तीची पट्टीही भरावी लागे. ही चर्च-पट्टी घरपट्टीसारखी सगळ्यांवर बसे, मग तो माणूस बॅप्टिस्ट, मेथडिस्ट अशा अँग्लिकन चर्चबाहेरच्या पंथाचा का असेना. सक्तीची पट्टी १८६८ मध्ये रद्द झाली. तोपर्यंत दोन्हीकडची दुरुस्ती एकाच खिशातून जाण्याची वेळ अनेकांवर आली. आमच्या मते आयोगाच्या सगळ्या नियमांत वेल्समध्ये सर्वांत जास्त नुकसान या एका तरतुदीने केले.

पंतप्रधान पील यांच्या १८४३ च्या कायद्याने क्रम उलटा केला. आधी विभाग आणि पाळक, इमारत नंतर. पाळकाला वर्षाला १०० पौंड, चर्चचे पवित्रीकरण झाल्यावर १५०. तोपर्यंत शाळेत किंवा परवाना काढलेल्या खोलीत उपासना चाले. हा पैसा मात्र संसदेचा नव्हता. क्वीन ॲन्स बाउंटी या चर्चच्याच निधीतून ६ लाख पौंड उसने घेतले होते.

आम्ही कार्डिफजवळ राहतो. जुने चर्च दिसले तर ते या काळातले आहे हे कसे ओळखावे? आमच्या भागातल्या एका चर्चमध्ये ओलही खूप आहे. (कार्डिफ)

आधी बाहेरून पूर्व टोकाकडे जा. १८२० ते १८४० मधले चर्च म्हणजे एक लांबट पेटी. पश्चिमेला सडपातळ मनोरा, बाजूच्या भिंतींत अरुंद, टोकदार, एकसारख्या खिडक्या, आणि वेदीसाठी जेमतेम एक कोनाडा. तुम्हाला पूर्वेला चांगला खोल भाग दिसत असेल तर तो बहुधा नंतर जोडलेला आहे. दोन्ही भाग मिळतात तिथे भिंतीवर हात फिरवा. दगडांचे थर एकमेकांत गुंतलेले नसतील, वरपासून खालपर्यंत एक सरळ उभी सांधरेघ असेल, दोन्हीकडच्या थरांची उंची जुळत नसेल, तर शंका ठेवू नका. चर्चच्या वास्तुरचनेचा अभ्यास करणाऱ्या, १८३९ मध्ये निघालेल्या केंब्रिज कॅम्डेन सोसायटीने मध्ययुगीन रचनेचा आग्रह धरला. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत जुन्या पेट्यांना असे खोल पूर्व टोक जोडायची लाट आली. बकलीचे चर्चही १८९७ नंतर जॉन डग्लस या वास्तुविशारदाने इतके बदलले की मूळचे रूप शोधावे लागते.

आत गेल्यावर सज्जाच्या खुणा बघा. कमी पैशात जास्त माणसे बसवायची तर तिन्ही बाजूंनी लाकडी सज्जा घालणे हा एकच उपाय होता. पुढे सज्जे काढले, पण भिंतीत तुळयांची बुजवलेली भोके राहतात, किंवा खांबाच्या मध्यावर विनाकारण एक कडे दिसते. खांब फार बारीक असतील तर नाण्याने हलके वाजवा, ओतीव लोखंडाचे असू शकतात. गोल कमानींचे जाड नॉर्मन रूप दिसले तर साल १८४० च्या आसपासचे किंवा थोडे नंतरचे धरा. थॉमस पेन्सन यांचे रोसलानेर्ख्रुगॉगचे सेंट जॉन (१८५२-५३) त्या धाटणीचे आहे.

बाकांचीही मापे घ्या. चर्च बांधणी सोसायटीचा हिशेब मोठ्या माणसाला २० इंच आणि मुलाला १४ इंच रुंदी असा होता. ‘६०० जागा’ असे अर्जात लिहिलेले असते ते या मापाने. प्रत्यक्षात जाड लोकरी कपड्यांतली तेवढी माणसे तिथे आरामात बसत नसत.

आता ओल. दक्षिण वेल्समध्ये भिंती बहुधा पेनंट वालुकाश्माच्या ओबडधोबड दगडाच्या आणि खिडक्यांच्या चौकटी मऊ बाथ दगडाच्या असतात. पेनंट टिकतो, बाथ दगड कोळशाच्या धुराने पापुद्रे धरून गळतो. नैर्ऋत्येकडून येणारा वाऱ्याचा पाऊस सांध्यांतून आत शिरतो. ते पाणी परत बाहेर सुकून जाण्यासाठी सांधे चुन्याचे हवेत. विसाव्या शतकात कोणी तिथे सिमेंट भरले असेल तर पाणी आत जाते पण बाहेर सुकत नाही, आणि आतला गिलावा कमरेएवढ्या उंचीपर्यंत सुटतो. दुसरी जागा कठड्यामागची पन्हळ. भिंतीच्या वर कठडा आणि त्यामागे लपलेली शिशाची पन्हळ, ही या काळची आवडती रचना. एक पान अडकले तरी पाणी उलटे फिरून थेट तुळयांच्या टोकांवर येते. ओल भिंतीच्या माथ्याशी असेल तर आधी ती पन्हळ साफ करा, रंगारी नंतर बोलवा. सिमेंट काढायचे काम जुन्या वास्तूंची सवय असलेल्या गवंड्याकडेच द्या, कारण छिन्नी चुकली की दगडाची कड जाते.

वेल्श लोक तर चॅपलला जाणारे. मग ही चर्चेस कोणासाठी बांधली? ती रिकामीच राहिली ना? (सोलापूर)

सरसकट रिकामी नाही, पण तुमच्या प्रश्नाचा रोख बरोबर आहे. (चॅपल म्हणजे अँग्लिकन चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंट पंथांचे प्रार्थनाघर.) आयोगाचे सगळे गणित बाकांचे होते. इतकी माणसे, इतक्या जागा, म्हणून इतकी तूट. मर्थर टिडफिल या लोखंडाच्या गावाची वस्ती १८०१ मध्ये ७,७०५ होती, १८५१ मध्ये ४६,३७८ झाली. या आकड्यांसमोर अँग्लिकन जागा मोजल्या तर तूट प्रचंड दिसते. पण त्याच गावात लोकांनी आठवड्याच्या पैशा-पैशाने चॅपल उभारली होती. तिथे प्रवचन वेल्शमध्ये, उपदेशक त्यांच्यातलाच, आणि रविवारच्या शाळेत मोठी माणसेही वेल्श वाचायला शिकत. १८११ मध्ये वेल्श मेथडिस्टांनी स्वतःचे पाळक दीक्षित करायला सुरुवात केली आणि ते चर्चपासून कायमचे वेगळे झाले. आयोग स्थापन झाला तो त्यानंतर सात वर्षांनी.

चर्चकडे भाषा नव्हती असेही नाही. बायबल आणि प्रार्थनापुस्तक सोळाव्या शतकातच वेल्शमध्ये आले होते, आणि अनेक साधे पाळक वेल्शभाषक होते. वरची माणसे तशी नव्हती. १८७० मध्ये उत्तर वेल्समधल्या सेंट असाफ धर्मप्रांताला जोशुआ ह्यूज आले, तेव्हा दीडशेहून जास्त वर्षांनी वेल्श मातृभाषेचा बिशप नेमला गेला. कारखान्याच्या मालकाने दिलेल्या पैशातून चर्च उभे राहिले की तिथे मालक, व्यवस्थापक आणि कारकून यांच्या सोयीने इंग्रजी उपासना ठेवण्याकडे कल असे. १८६३ मध्ये तर वेल्शभाषक पॅरिशमध्ये इंग्रजी उपासनेसाठी वेगळी सोय करण्याचा कायदा झाला.

३० मार्च १८५१ च्या रविवारी सरकारने उपस्थितीची गणना केली. वेल्समध्ये उपासनेला आलेल्यांपैकी साधारण पाचांत चार जण चॅपलवाले निघाले. हा आकडा वापरताना जपून वापरा. मोजणी सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी वेगवेगळी होती आणि एकच माणूस दोनदा मोजला गेला असू शकतो. चॅपलवाले दिवसातून दोनदा जाणारे, म्हणून त्यांचा आकडा थोडा फुगतो. तरी निष्कर्ष बदलत नाही.

सुधारणा झाली ती पाळकांवर खर्च सुरू झाल्यावर. लॅन्डाफचे बिशप ऑलिव्हंट (१८४९ पासून) स्वतः वेल्श शिकलेले होते. त्यांच्या धर्मप्रांतात १८५० मध्ये निघालेल्या विस्तार सोसायटीने पाळकांच्या पगाराला आणि तात्पुरत्या खोल्यांना पैसे दिले. सॉमरसेट, ग्लॉस्टरशरहून आलेल्या इंग्रजी कामगारांनीही काही चर्चेस भरली. याच चॅपलवाल्या वेल्श मेथडिस्टांचे मिशन १८४१ मध्ये खासी टेकड्यांत पोचले, ही शिलाँगला जाणाऱ्या वाचकांसाठी जोड माहिती.

कुलाब्याचे अफगाण चर्च याच आयोगाच्या पैशाचे का? (मुंबई)

नाही. तो कायदा इंग्लंड आणि वेल्सपुरता होता. आपल्याकडे पैसा कंपनी सरकारच्या धर्मखात्यातून येई आणि तोही मुख्यतः लष्कर व अधिकाऱ्यांसाठी. पुण्याच्या छावणीतले सेंट मेरीज (पवित्रीकरण १८२५) आणि कुलाब्याचे अफगाण चर्च (१८५८) यांची कागदपत्रे मुंबई सरकारच्या दप्तरात शोधावी लागतात.

एका वेल्श गावातल्या चर्चचा हिशेब शोधायचा आहे. कुठून सुरुवात करू? (पुणे)

लंडनच्या लॅम्बेथ पॅलेस ग्रंथालयातून. चर्च बांधणी सोसायटीच्या फायली तिथे आहेत आणि त्यांतले बरेच नकाशे संगणकावर बघता येतात. नकाशावर फुकट जागा आणि भाड्याच्या जागा वेगळ्या दाखवलेल्या असतात, तेवढ्यावरून गावाची उतरंड कळते. मग ॲबरिस्टविथचे वेल्सचे राष्ट्रीय ग्रंथालय. १९१४ च्या कायद्याने वेल्समधले अँग्लिकन चर्च सरकारपासून वेगळे झाले, अंमल ३१ मार्च १९२० पासून, आणि त्या चर्चचे दप्तर तिथे ठेवले आहे. १८५१ च्या गणनेचे मूळ तक्ते ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात एच.ओ. १२९ या मालिकेत आहेत.

शोधताना गावाचे नाव आणि मूळ पॅरिशचे नाव दोन्ही घाला. बकली सापडत नसेल तर हार्डन (Hawarden), ट्रेडेगर नसेल तर बेडवेल्टी. लग्नाच्या नोंदी हव्या असतील तर मूळ चर्चची वही आधी बघा. नव्या चर्चला लग्ने लावायचा अधिकार बांधकामाबरोबर आपोआप मिळत नव्हता, आणि शुल्कही बरेचदा जुन्या पाळकाकडेच जात राही.