गरोदरपणातल्या दारूमुळे बाळाला होणारं नुकसान गावपातळीवर कसं टाळता येईल?

तुमचा बचत गट दिंडोरी तालुक्यात आहे, हाताशी पैसे फारसे नाहीत, आणि उपकेंद्रात पोस्टर लावून एखादं व्याख्यान ठेवलं तर पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही पुरणार. ते पोस्टर बाई वाचते तेव्हा तिला बहुतेक वेळा दोन-अडीच महिने उलटून गेलेले असतात.

बाळाचा चेहरा, हृदय यांची मुख्य घडण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात होते. मेंदू मात्र पूर्ण नऊ महिने घडत राहतो. आईच्या रक्तातली दारू वारेतून थेट बाळाच्या रक्तात जाते आणि ती पचवण्याइतकं त्याचं यकृत तयार नसतं. म्हणून 'इतकी चालते' असं कुठलंच सुरक्षित प्रमाण नाही. नाव नोंदवायला १२ आठवड्यांची मुदत सांगितली जाते, म्हणजे नोंदणीच्या दिवशी दिलेला सल्ला मेंदूसाठी कामाचा असला तरी चेहरा आणि हृदयासाठी उशिराचाच.

तेव्हा सुरुवात नव्या जोडप्यांपासून करा. त्यांची यादी आशाताईंकडे पात्र जोडप्यांच्या नोंदवहीत तयार असते, गरोदरपण तपासायचं 'निश्चय' किटही त्यांच्याकडे असतं. पाळी आठवडाभर लांबली की सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासणी करायची, आणि पाळी चुकल्या दिवसापासून तपासणी होईपर्यंत स्वतःला गरोदरच धरून चालायचं. मूल हवंच असेल तर पाळणा थांबवायची साधनं बंद करतानाच दारूही बंद. आणि जिला दारू सुटत नाहीये व मूलही आत्ता नकोय, तिला तांबी किंवा इंजेक्शन मिळवून देणं हेही याच कामात मोडतं. हे बऱ्याच गटांच्या डोक्यातच येत नाही.

आता विचारायचं कसं. 'ताई, दारू पिता का?' याचं उत्तर ठरलेलं असतं: 'छे!' त्याऐवजी 'दिवस राहायच्या आधी लग्नात, शिमग्याला, थंडीत घरात मोहाची आली की तुम्हालाही देतात का? शेवटची कधी घेतली? ग्लासभर की घोटभर?' असं विचारा. सासू शेजारी बसलेली असताना अजिबात नको. गावातल्या आरोग्य-पोषण दिवशी सगळ्या जणी एकाच खोलीत असतात, म्हणून बीपी घेताना कोपऱ्यात हळू आवाजात विचारलेलं बरं. उत्तर चारचौघांत दिसणाऱ्या वहीत लिहू नका. पाड्यावर एकदा कुजबुज झाली की ती बाई पुढच्या महिन्यात येत नाही. मग लोहाच्या गोळ्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही हुकतं.

तुमच्याकडच्या वाईनच्या पट्ट्यात 'वाईन म्हणजे द्राक्षाचा रसच की' हे हमखास ऐकू येईल. ३० मिली व्हिस्कीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं, ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्ये १३ आणि वाईनच्या १५० मिलीच्या ग्लासात १४ ग्रॅमच्या आसपास. हे आकडे फळ्यावर लिहून दाखवा. हातभट्टीचा तर काही भरवसाच नाही. पहिल्या धारेची आणि शेवटची यांत फार फरक असतो. आसव-अरिष्टांतही ५ ते १० टक्के अल्कोहोल असू शकतं, ती गरोदरपणात वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

रोज पिणाऱ्या बाईला मात्र 'आजपासून बंद' म्हणून घरी पाठवू नका. अचानक थांबवल्यावर पहिल्या दोन दिवसांत हात थरथरणं, घाम, फिटसुद्धा येऊ शकते. तिला रुग्णालयात दाखवूनच दारू सोडवायची. 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. जेवणात गुपचूप घालायच्या दारू सोडवण्याच्या पावडरी तर चुकूनही नकोत, त्यात नेमकं काय असतं ते विकणाराही सांगत नाही.

तुमच्या तालुक्यातला सर्वांत अवघड भाग द्राक्षबागांचा आहे. ऑक्टोबरच्या छाटणीपासून काढणीपर्यंत पेठ-सुरगाण्याकडची जोडपी बागांवर राहतात, आणि त्यांच्या आशाताई मागे गावात राहतात. मुकादमाकडून टोळीतल्या जोडप्यांची यादी घ्या, माता-बाल संरक्षण कार्ड सोबत आणायला सांगा, आणि बागायतदारांकडून एक गोष्ट कबूल करून घ्या: मजुरी किंवा बक्षीस म्हणून बाटली द्यायची नाही. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केपमध्ये द्राक्षमळ्यांवर मजुरीचा काही भाग दारूत देण्याची जुनी पद्धत होती. गरोदरपणातल्या दारूमुळे मुलांना होणाऱ्या विकाराचं जगातलं सर्वांत जास्त प्रमाण नोंदवलेल्या भागांत तो पट्टा आहे.

दारूचं दुकान बंद करायचं म्हटलं तर २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांनी अर्ज होतो, मग गुप्त मतदान. दुकान बंद करायचं तर आडव्या बाटलीच्या चिन्हाला, झालेल्या मतांपैकी नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. त्यामुळे बाया कामासाठी बाहेर असताना मतदान आलं तर जिंकलेली लढाई हातची जाते. दुकान बंद झाल्यावर हातभट्टी वाढते, त्याचीही तयारी ठेवा. ऑस्ट्रेलियात फिट्झरॉय क्रॉसिंगच्या आदिवासी बायकांनी २००७ मध्ये विक्रीवर निर्बंध आणवले, पण तिथे न थांबता मुलांची तपासणी आणि घरच्यांना आधार हेही हाती घेतलं. माझ्या मते दुकानाच्या आधी नवऱ्यांना गाठा. घरात दारू बहुतेक तेच आणतात. 'नऊ महिने घरात बाटली नाही' एवढं त्यांच्याकडून वदवून घेतलं तरी पुष्कळ.

आपल्याकडे बाटलीवरच्या इशाऱ्यात गरोदरपणाचा उल्लेख सक्तीचा नाही. वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये तशी पाटी लावा म्हणून विनंती करून बघा, खर्च नगण्य आहे.

पोस्टर लावाच, पण व्यंग असलेल्या बाळाचा फोटो नको. बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. शाळेत गेल्यावर लक्ष न लागणं, सांगितलेलं विसरणं, हिशेब न जमणं यातून कळतं. शिवाय आधी प्यायलेली आई तो फोटो बघून घाबरते आणि दवाखाना टाळते. तिला एवढंच सांगा, की आज थांबवली तरी पुढच्या महिन्यांचं नुकसान वाचतं. ज्या मुलाबद्दल शंका असेल त्याला अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकामार्फत जिल्ह्याच्या शीघ्र निदान केंद्रात पाठवा, आणि आईची तयारी असेल तर गरोदरपणातल्या दारूची नोंद चिठ्ठीवर करून घ्या. डॉक्टर ते आपणहून विचारतीलच असं नाही.